लहान मंडळीचा नवा सचिव: पहिल्या वर्षाची कामे

मुंबईतील लहान मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायात, सचिवपद सहसा कोणी मागून घेत नाही. वार्षिक सभा संपत आलेली असते, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असतात, कोणीतरी आपले नाव सुचवते, दुसरा लगेच अनुमोदन देतो आणि चहा येईपर्यंत आपण सचिव झालेले असतो. पुढच्या रविवारी मावळते सचिव कपाटाची किल्ली, दोन फुगलेल्या फायली आणि प्लंबरचा नंबर आपल्या हाती देऊन सुटकेचा श्वास सोडतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआयमधील साठ-सत्तर कुटुंबांच्या एखाद्या मंडळीत अशी किल्ली ज्यांच्या हाती आली आहे, त्यांच्यासाठी ही माहिती लिहिली आहे.

किल्ली घेताना यादी करूनच घ्यावी. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी), विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या किती, त्या कोणत्या सालापासूनच्या, प्रभुभोजनाचा प्याला व तबक, पेटी, माइक, कपाटातील करारपत्रे, बँकेची पासबुके हे सर्व लिहून खाली देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि पाळकसाहेबांची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंची, सही असावी. मावळते सचिव बहुधा आपल्या आत्याचे दीर किंवा शाळेतले शिक्षक असतात, त्यामुळे यादी मागताना संकोच वाटतो. तरीही मागावी. लहान मंडळीत सगळेच एकमेकांचे सोयरे असल्यामुळे, उद्या एखादी वस्तू सापडली नाही तर संशय माणसावर जातो आणि तो तीन घरांच्या येण्याजाण्यावर उतरतो. कागद असला की प्रश्न कागदाला विचारता येतो.

नोंदवह्यांबाबत एक नियम कटाक्षाने पाळावा. ख्रिस्ती विवाह 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतात, म्हणून विवाहाची वही हा कायदेशीर दस्तऐवज आहे. नावाचे स्पेलिंग चुकले म्हणून मूळ अक्षर खरडून काढणे किंवा पांढरी शाई लावणे चालत नाही. मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहावी आणि तिच्यावर पाळकांची व साक्षीदारांची सही घ्यावी. पासपोर्टच्या वेळी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला लोक येतात, तेव्हा या वह्यांचे मोल कळते. पावसाळ्याआधी त्या जमिनीलगतच्या फळीवरून वर हलवाव्यात आणि पानांचे फोटो काढून ठेवावेत.

यानंतर, आपल्याकडे कोणी काय ठरवायचे हे नीट समजून घ्यावे, कारण निम्मे वाद येथूनच सुरू होतात. सीएनआयची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे झाली आणि तिच्यात सहा वेगवेगळ्या चर्च-संस्था एकत्र आल्या. मुंबईपुरते बोलायचे तर अमेरिकन मराठी मिशन येथे 1813 मध्ये आले, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये आले आणि अँग्लिकन बिशपचा धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालील मंडळ्यांचा विभाग) 1837 मध्ये सुरू झाला. अमेरिकन मिशनच्या परंपरेत मंडळीची सभा सर्वोच्च, स्कॉटिश परंपरेत वडीलवर्ग (मंडळीचे निवडलेले ज्येष्ठ) आणि पाळक मिळून निर्णय घेणार, तर अँग्लिकन परंपरेत बिशपांचा शब्द मोठा. सीएनआयच्या घटनेने या तिन्ही पद्धती एका छताखाली आणल्या, परंतु घराण्यांची सवय घटनेने बदलत नाही. म्हणून आजही एकाच बैठकीत एक आजोबा म्हणतात, “मंडळीनं ठरवलं म्हणजे ठरलं,” आणि शेजारच्या मावशी विचारतात, “पण बिशपसाहेबांना विचारलं का?” दोघांचेही त्यांच्या घरच्या परंपरेप्रमाणे बरोबरच असते. सचिवाने अशा वेळी आपले मत न देता आपल्या धर्मप्रांताच्या नियमावलीतील संबंधित कलम वाचून दाखवावे. त्यासाठी ती नियमावली घरी नव्हे, बैठकीच्या टेबलावर असावी.

ढोबळमानाने व्यवस्था अशी असते: मंडळीच्या सर्वसाधारण सभेतून पास्टोरेट कमिटी (मंडळीची कार्यकारी समिती) निवडली जाते, पाळक तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, तिच्या वर धर्मप्रांताची कौन्सिल आणि सर्वांच्या वर सिनॉड, म्हणजे सीएनआयची सर्वोच्च सभा. पाळकांची नेमणूक आणि बदली बिशप करतात. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये हे निराळे आहे. तेथे सभासदांनी निवडलेली ‘वेस्ट्री’ आणि तिचे दोन वॉर्डन पाळकांचा शोध घेऊन बिशपांच्या संमतीने त्यांना बोलावतात. तेथे राहणारे नातेवाईक सुटीत येऊन “तुम्हीच का नाही पाळक निवडत?” असे विचारतात, तेव्हा हा फरक सांगता यावा. आपल्याकडे वेस्ट्री म्हणजे पाळकांचे झगे टांगलेली मागची खोली. त्या समितीचे नावही अशाच खोलीवरून पडले, कारण पूर्वी समिती तेथेच बसत असे.

आता सभेविषयी. सूचना लेखी द्यावी, किती दिवस आधी द्यायची ते नियमावलीत पाहावे, उपासनेत दोन रविवार वाचून दाखवावी, फलकावर लावावी आणि व्हॉट्सॲपवरही टाकावी. केवळ व्हॉट्सॲपवर टाकलेली सूचना ज्यांना पोहोचत नाही तेच लोक सभेत सर्वांत जास्त बोलतात. तारीख ठरवताना रेल्वेचा विचार करावा. भायखळा, नागपाडा, गिरगाव येथील चाळींतून उठून आपली कुटुंबे आता डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरार आणि पनवेलला राहतात, आणि रविवार हा मेगाब्लॉकचा वार आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी निवडणुकीची सभा उपासनेनंतर लगेच ठेवली आणि त्याच दिवशी मध्य रेल्वेचा ब्लॉक निघाला. कल्याणकडची अकरा कुटुंबे आली नाहीत, गणपूर्ती जेमतेम झाली, आणि “आम्ही येणार नाही हे बघूनच तारीख ठरवली” हे वाक्य मी पुढे दोन वर्षे ऐकले. तेव्हापासून ब्लॉकचे वेळापत्रक आल्यावर सभा पुढे ढकलता यावी म्हणून सूचनेतच पर्यायी तारीख देण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे.

इतिवृत्तात कोण काय बोलले याची गोष्ट लिहू नये, काय ठरले ते लिहावे. उदाहरणार्थ: “पावसाळ्यापूर्वी छपराच्या उत्तरेकडील गळतीची दुरुस्ती करावी, त्यासाठी तीन दरपत्रके मागवावीत आणि ती पुढील बैठकीपुढे ठेवावीत, असे सर्वानुमते ठरले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. जबाबदारी: खजिनदार.” काम कोणाचे आणि केव्हापर्यंत, एवढे दोन शब्द नसतील तर ठराव कितीही सुंदर असला तरी गळती तशीच राहते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढच्या विषयाला हात घालू नये. ‘आयत्या वेळचे विषय’ या कलमाखाली पैशाचा किंवा माणसाच्या बदनामीचा विषय येऊ देऊ नये. तो अध्यक्षांच्या परवानगीने पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा.

मतदारयादी हा सर्वांत नाजूक भाग आहे. विरारला राहायला गेलेले कुटुंब जवळच्या दुसऱ्या मंडळीत जाते, नाताळला मात्र आपल्याकडे येते आणि आजीचे नाव येथेच असल्यामुळे मतही येथेच मागते. नियमावलीप्रमाणे प्रभुभोजनाचे (प्रभुभोजन घेण्याचा अधिकार असलेले) सभासद कोण, वर्गणी कोणाची भरलेली आहे, कोणाचे सभासदत्व बदलीचे पत्र दुसऱ्या मंडळीकडे गेले आहे, हे सर्व निवडणुकीच्या बऱ्याच आधी तपासून कच्ची यादी फलकावर लावावी आणि हरकतींसाठी मुदत द्यावी. निवडणुकीच्या दिवशी दारात यादीवरून वाद घालणे म्हणजे उपासनेची विटंबना आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांची नावे थकबाकीसह फलकावर लावू नयेत. त्यांच्या घरी जावे. नोकरी गेलेली असते, आजारपण असते, आणि अशा घरी वहीपेक्षा पाळकसाहेबांची गरज अधिक असते. मतदान मात्र चिठ्ठीनेच घ्यावे. व्याह्यांच्या विरोधात हात वर करायला धाडस लागते, आणि ते दाखवायला कोणाला भाग पाडू नये.

पैशांबाबत थोडक्यात. दानाची थैली नात्यात नसलेल्या दोघांनी उपासना संपताच वेस्ट्रीत मोजावी आणि वहीत दोघांनी सही करावी. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा असावा. खजिनदारांच्या वैयक्तिक खात्याचा कोड ‘तात्पुरता’ म्हणून लावला की तो कायमचा होतो. धनादेशांवर तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवाव्यात. आपल्याकडे 80जी ची नोंदणी असल्याखेरीज पावतीवर आयकर सवलतीचा उल्लेख करू नये. परदेशातील भाच्याने छपरासाठी पैसे पाठवतो म्हटले, तर त्याचे नागरिकत्व आधी विचारावे: तो भारतीय नागरिक असून स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही, परंतु त्याने परदेशी नागरिकत्व घेतलेले असेल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय रुपयाही घेता येत नाही.

कापणीच्या सणाचा लिलाव हा मात्र स्वतंत्र परिच्छेदाचा विषय आहे. नगरकडच्या मंडळ्यांत लोक शेतातली कणसे, अंडी, कोंबडा, ऊस घेऊन येतात. मुंबईत आपण भायखळ्याच्या बाजारातून भोपळा विकत आणतो, तो वेदीपुढे ठेवतो आणि उपासनेनंतर चौपट बोलीने परत विकत घेतो. यात मोठी गंमत आहे आणि वर्षाच्या जमेतही त्याचा चांगला वाटा असतो. पण बोली उत्साहात लागते आणि पैसे “पुढच्या रविवारी” मिळतात. म्हणून लिलाव पुकारणाऱ्याच्या शेजारी एकाने केवळ वस्तू, बोली आणि नाव लिहीत बसावे, संध्याकाळीच प्रत्येकाला त्याच्या रकमेचा संदेश जावा आणि उधारीची वही नाताळच्या आत बंद व्हावी. पहिल्या वर्षी मी हे स्मरणशक्तीवर सोपवले होते. एका लोणच्याच्या बरणीचे दोन मालक निघाले आणि पैसे एकाचेही आले नाहीत.

मिळकतीच्या बाबतीत कमिटीने आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखावी. जमीन व इमारत बहुधा मंडळीच्या नव्हे, धर्मप्रांताशी संलग्न ट्रस्टच्या नावावर असते. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मिळकत विकण्यास, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यास, धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. एखादा बिल्डर चहा प्यायला येऊ लागला, तर कमिटीने कोणत्याही कागदावर सही न करता तो विषय लेखी स्वरूपात धर्मप्रांताकडे पाठवावा. मंडळीचा स्वतःचा नोंदलेला ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करावा लागतो. चर्च वारसा यादीत असेल तर छपराची कौले बदलण्याआधी महानगरपालिकेकडे चौकशी करावी. ठेकेदार “काही लागत नाही” असे सांगतो, पण नोटीस त्याच्या नावाने येत नाही.

अनेक ठिकाणी एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, नंतर मराठी आणि संध्याकाळी तमिळ किंवा हिंदी उपासना चालते. तेथे वेळा, हॉलची झाडलोट, पेटीची चावी आणि विजेच्या बिलाची वाटणी लेखी ठरवावी. शक्य असल्यास वेगळा सबमीटर बसवावा, कारण पंख्यांवरून दोन मंडळ्यांमध्ये जेवढे बिनसते तेवढे शिकवणीवरून बिनसत नाही.

संडे स्कूलच्या वर्गात कोणत्याही वेळी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात आणि दार उघडे असावे. मुलांच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘घरातच मिटवू’ हा पर्याय कमिटीपुढे नाही. दुसरी अडचण भाषेची आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना नारायण वामन टिळकांची गीते ऐकून पाठ असतात, पण पुस्तकातील देवनागरी वाचता येत नाही. आम्ही प्रत्येक आजीआजोबांशेजारी एक मूल बसवतो. आजी ओळीवरून बोट फिरवते आणि मूल गाते. पडद्यावर रोमन अक्षरे दाखवण्यापेक्षा हा उपाय संथ असला तरी मला बरा वाटतो.

मृत्यूची बातमी रात्री-अपरात्री येते, म्हणून त्या वेळेची तयारी आधीच असावी. पाळकसाहेब, शवपेटीवाले, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीचे कार्यालय, घंटा वाजवणारे काका आणि गीते सुरू करू शकणारे दोन जण, एवढे नंबर एका कागदावर लिहून तो कागद आपल्या, खजिनदारांच्या आणि महिला मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी ठेवावा. कुटुंबाची जुनी कबर असल्यास तिचे कागद कोठे आहेत हे वृद्ध सभासदांना त्यांच्या हयातीतच विचारून नोंदवून ठेवावे. प्रश्न अवघड वाटतो, पण बहुतेक वृद्धांना कोणीतरी विचारल्याचे बरेच वाटते. रुग्णालयातून मृत्यूचा दाखला हाती आल्याशिवाय दफनाची वेळ जाहीर करू नये. महिला मंडळाने त्या घरी दोन वेळचे जेवण कोणी पाठवायचे ते वाटून घ्यावे. दफनाहून परतल्यावर, त्याच संध्याकाळी, नाव, वय, तारीख आणि कबरीचा क्रमांक दफनाच्या वहीत लिहून पाळकसाहेबांची सही घ्यावी.