पन्नाशीत पहिलं प्रेम पुन्हा भेटलं तर

आधी सरळ विचारा, घरी कोण कोण असतं? संसार चालू असेल तर विषय तिथेच संपवा. एकटा असेल तर पहिली भेट पुण्याच्या वैशाली हॉटेलात नको. मागे लोक टेबलासाठी ताटकळत असतात, मनातलं बोलणं होत नाही. सकाळी फर्ग्युसनमागच्या हनुमान टेकडीवर चाला. शेजारी शेजारी चालताना अवघड विषय आपसूक निघतात. त्याचा घटस्फोट, माझं वैधव्य, गृहकर्ज, सगळं तिथेच बोललो. कॉलेजातल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींच्या आठवणी मी मुद्दाम लांबवल्या. आताचा माणूस आधी कळायला हवा. तो हल्ली बिनसाखरेचा चहा घेतो, हेही मला नवीन होतं! मुलांना शेजाऱ्यांच्या आधी, दोघांनी मिळून सांगा. नोंदणी विवाह करणार असाल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस लागते. लग्नानंतर दोघांनीही मृत्युपत्र करा.