मुलाच्या रक्तात शिसं निघालं? या चुका टाळा

लहान मुलाच्या रक्तात शिसं वाढलेलं आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "औषध कुठलं द्यायचं?" त्याआधी विचारायला हवं ते हे: शिसं येतंय कुठून? ते घरात येतच राहिलं तर कुठलंही औषध पुरं पडत नाही, आणि सगळ्या चुकांचं मूळ या एका प्रश्नाला बगल देण्यात आहे.

रिपोर्ट वाचताना

आधी एकक बघा. काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात, काही प्रति लिटरमध्ये. प्रति लिटर 35 म्हणजे प्रति डेसिलिटर 3.5. नुसता आकडा वाचला तर दहापट घोटाळा होतो. दुसरं, '10 पर्यंत नॉर्मल' अशी जुनी ओळ कुठे छापलेली दिसली तर तिच्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 मध्ये मुलांसाठीची संदर्भपातळी, म्हणजे ज्याच्यावर आकडा गेला की लक्ष घालायचं ती रेघ, 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की आकडा 5 किंवा त्याहून जास्त असेल तर स्रोत शोधून बंद करा. मुलांसाठी सुरक्षित म्हणावी अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

बोट टोचून घेतलेल्या थेंबावर अंतिम निदान करू नये. अंगणात खेळून आलेल्या मुलाच्या नखाखाली, बोटांच्या रेघांत धूळ असते. त्या धुळीतलं शिसं थेंबात उतरलं की आकडा फुगतो. हात साबणाने चोळून धुवायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा, आणि तरीही आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका, केसांवर बाहेरून बसलेलं शिसं आणि शरीरातून आलेलं शिसं वेगळं काढणं अवघड असतं. शिसं बाहेर काढणारं औषध देऊन नंतर लघवी तपासायची आणि 'बघा, किती विष बाहेर पडतंय' असं दाखवायचं, हा प्रकार तर सरळ दिशाभूल आहे. अशा लघवीसाठी मान्य संदर्भपातळीच नाही.

"मूल तर ठणठणीत आहे"

कमी पातळीला बाहेरून काही दिसत नाही. परिणाम होतो तो बुद्धीवर, एकाग्रतेवर आणि वागण्यावर. झटके यायची वेळ येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. नायजेरियातल्या झामफारा राज्यात 2010 मध्ये चारशेहून अधिक मुलं दगावली. सोन्याचा खनिज दगड गावातच कुटला-दळला जात होता आणि त्यात शिसं होतं. सुरुवातीला तो मलेरिया वाटला होता.

स्रोत शोधताना

संशय नेहमी भिंतीच्या रंगावर किंवा पेट्रोलवर जातो. जुन्या रंगाचे पोपडे तपासायलाच हवेत. भारतात घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या भिंती घराघरांत आहेतच. पण शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 मध्येच बंद झालं. आता स्वयंपाकघराकडेही बघा.

बांगलादेशच्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांचं (एकाच धातूच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण ताडून पाहिलं, बोटांचे ठसे जुळवावेत तसं, आणि माग हळदीपर्यंत गेला. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग लावला जात होता. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत ही भेसळ होती. सरकारने धाडी टाकल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, लोकांना सांगितलं, आणि 2021 पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. मला या सगळ्या विषयात सर्वांत आशादायक वाटतं ते हेच.

यातली आपल्या कामाची गोष्ट: ही भेसळ पुडीतल्या पावडरीत नव्हे, हळकुंडांना पॉलिश करतानाच होत होती. त्यामुळे 'आम्ही हळकुंडं आणून दळून घेतो, आमची हळद शुद्ध' हे खात्रीचं उत्तर नाही. हाताला पिवळी भुकटी लागणारी, नको इतकी चकचकीत हळकुंडं टाळा आणि शंका असेल तर नमुना अन्नतपासणी प्रयोगशाळेत द्या. पाण्यात टाकून बघण्याच्या घरगुती परीक्षेवर निर्धास्त होऊ नका.

भांड्यांची कल्हई शुद्ध कथिलाची हवी, त्यात शिसं मिसळलेलं चालत नाही. हिंडालियमची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) भांडीही बघा: अमेरिकेत सिएटल परिसरातल्या चाचण्यांत भारतातून गेलेल्या अशा भांड्यांतून शिसं उतरताना आढळलं. परदेशी राहणाऱ्यांनी इथून नेलेली कढई यादीत धरावी. सुरम्यातही शिसं असू शकतं, तो बंद करा. वडील बॅटरीच्या किंवा भंगाराच्या कामावर असतील तर कामाचे कपडे घरी आणू नयेत, मुलाला जवळ घेण्याआधी अंघोळ करावी. कोरड्या झाडूने धूळ उडते, फरशी ओल्या फडक्याने पुसा.

'डिटॉक्स'ची घाई

शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं, म्हणजे कीलेशन, मुलांमध्ये साधारण 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्यावरच्या पातळीला दिली जातात, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. कमी आकड्याला ती देऊन बुद्धीचं नुकसान भरून निघत नाही. 2005 मध्ये पेन्सिल्वेनियात पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला कॅल्शियमयुक्त ईडीटीए या कीलेशनच्या औषधाऐवजी सोडियमवालं ईडीटीए शिरेतून दिलं गेलं. रक्तातलं कॅल्शियम कोसळलं, हृदय थांबलं आणि तो गेला. नावात एका शब्दाचा फरक असलेली ही दोन औषधं आहेत, त्यामुळे ऑटिझमवर किंवा 'शरीरशुद्धी'साठी कुणी असं सलाईन सुचवलं तर तिथून निघून या. भस्म किंवा रसौषधी (धातू-खनिजांपासून केलेली आयुर्वेदिक औषधं) देऊन शिसं काढायचा प्रयत्नही नको, अशा काही औषधांत शिसंच सापडलं आहे.

त्याऐवजी मुलाचं हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. लोह किंवा कॅल्शियम कमी असलं की आतडी जास्त शिसं शोषतात.

एकदा तपासून सोडून देणं

रक्तातल्या शिशाचं अर्धआयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, महिनाभराचं, हाडांत मात्र ते वर्षानुवर्षं साठून राहतं. कीलेशननंतर आकडा खाली येतो आणि हाडांतलं शिसं रक्तात उतरलं की काही आठवड्यांत पुन्हा चढतो. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, आणि त्याच घरातल्या भावंडांचं, आई गरोदर असेल तर तिचंही रक्त त्याच वेळी तपासायला द्या.