जाहिरात टाकायची, पण कुठे?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मागं अकाउंटंट हवा होता, म्हणून नोकरीच्या एका साइटवर जाहिरातीला बऱ्यापैकी पैसे भरले. अर्ज ढिगानं आले, पण निम्मे पुण्या-मुंबईचे. पगार ऐकला की फोन बंद!

आता पैसे भरण्याआधी मीच उमेदवार होतो. साइटवर ‘सोलापूर’ आणि पदाचं नाव टाकून शोधतो. आठवड्याभरातल्या इथल्या जाहिराती दिसल्या, तरच पुढं जायचं. पॅकिंग, डिलिव्हरीला ‘अपना’ किंवा ‘वर्कइंडिया’ ॲप बरं. उमेदवार सरळ फोन करतात. अकाउंट्सला ‘नोकरी डॉट कॉम’, एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघणारा हवा तर ‘लिंक्डइन’. केंद्राचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ २०१५ पासून आहे, राज्याचं ‘महास्वयं’ आहे. दोन्ही फुकट, तेव्हा तिथं टाकतोच.

पॅकेज घेताना विचारा: जाहिरात किती दिवस दिसणार? किती जणांचे नंबर उघडता येणार? गावानुसार अर्ज गाळता येतात का? आणि पगार, शिफ्ट लपवू नका, नाहीतर दिवसभर तेच सांगत बसाल.

जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा-दुरुस्त करणारा, मात्र मला अजून पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या चहाच्या टपरीवरच मिळतो. तेलुगूत दोन वाक्यं बोललो की झालं.