माहजाँग सॉलिटेअर: जोडी दिसली की लगेच उचलू नका

ठाण्याहून वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली की आई मोबाइलवर माहजाँग उघडते. पूर्वी ऐरोली यायच्या आतच तिचा डाव अडायचा, कारण दिसली जोडी की उचल, हा खाक्या.

नेहमीच्या कासवाच्या मांडणीत 144 सोंगट्या पाच थरांत रचलेल्या असतात. सारख्या दोन निवडल्या की त्या जातात. अट एवढीच, की सोंगटीवर दुसरी नको आणि डावी किंवा उजवी, एक तरी बाजू मोकळी हवी. चौघांनी खेळायचा मूळ चिनी माहजाँग वेगळाच. हा एकट्याचा खेळ 1981 मध्ये ब्रॉडी लॉकार्ड यांनी संगणकासाठी केला.

आधी चित्रं ओळखा. वर्तुळं, बांबू आणि चिनी अक्षरं, 1 ते 9, प्रत्येकी चार. एक नंबरच्या बांबूवर पक्षी असतो. आई त्याला मोर म्हणते, आणि तो बांबू आहे हे तिला अजून पटलेलं नाही. अक्षरांत खालची खूण सगळीकडे तीच, म्हणून वरची पाहा: 1, 2, 3 म्हणजे तेवढ्या आडव्या रेघा. चार वारे आणि तीन ड्रॅगनही चार-चार. फुलं आणि ऋतू एकेकच, पण कुठलंही फूल कुठल्याही फुलाला चालतं, ऋतूचंही तसंच.

आता खरी गोम. सर्वांत वरची एकटी सोंगटी खालच्या चारांना दाबून बसते, डाव्या टोकाची एकटी दोन लांब ओळी अडवते, उजवीकडे तेच काम दोघी करतात. आधी यांच्या मागे लागा. कडेच्या आखूड ओळी भुरळ घालतात, त्या राहू द्या.

एका चित्राच्या चारही मोकळ्या असतील तर बिनधास्त उचला. तीनच असतील तर कुठल्या दोन काढल्याने जास्त वाट मोकळी होते ते बघा. आणि एकाच चित्राच्या दोन सोंगट्या एकावर एक असतील, तर उरलेल्या दोघींची जोडी चुकूनही लावू नका. त्यातली एक वरचीसाठी, एक खालचीसाठी.

हिंटचं बटण कुठलीही जोडी दाखवतं, शहाणी जोडी नव्हे. चाल मागे घ्यायला मात्र लाजू नका. काही डाव मुळातच सुटणारे नसतात.

परवा तुर्भ्याला आईच्या दोनच सोंगट्या उरल्या. दोन्ही मोर, एकावर एक. बाकीचे दोन तिने घणसोलीलाच उडवले होते.