पडून राहिलेली जुनी मस्टँग: हात घालायचा की नाही, कसं ठरवायचं

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना माहीत नसतं की इथे रूट १ वर फोर्डचा कारखाना होता, २००४ ला बंद झाला, आणि साठच्या दशकातल्या मस्टँग तिथेही बनायच्या. मला हे कळलं ते शेजारच्या आजींच्या गॅरेजमध्ये. आजोबा गेल्यापासून १९६६ ची हार्डटॉप (पक्क्या छपराची) मस्टँग तशीच उभी, टायर बसलेले, वर जुन्या चादरी, आणि आजी म्हणाल्या बघ बाबा, तुला करता येईल का. अशी गाडी समोर आली की मन लगेच हो म्हणतं, म्हणूनच आधी तपासायचं कसं ते लिहितोय. उदाहरण १९६५-६६ च्या मस्टँगचं घेतलंय कारण मला तीच नीट माहितीये.

१. आधी कागद आणि नंबर

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, कुणाच्या नावावर आहे ते बघा. मालक वारले असतील तर आधी वारसाची कागदपत्रं लागतात, ती होईपर्यंत एक डॉलरही देऊ नका. मग व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. तेव्हा १७ आकडी नंबर नव्हते (ते १९८१ पासून आले), त्यामुळे नेहमीच्या ऑनलाइन रिपोर्टवर काही मिळत नाही, नंबर स्वतःच वाचायला शिकायचं. हूड उघडा, ड्रायव्हरच्या बाजूला फेंडरच्या कडेला खाच असते तिथे आतल्या पत्र्यावर नंबर ठोकलेला दिसतो, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या प्लेटवर पण असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. आजींच्या गाडीचा सुरू होतो ६टी०७टी असा. ६ म्हणजे १९६६, पहिला टी म्हणजे मेटचेन, म्हणजे हाच आपला एडिसनचा कारखाना, ०७ हार्डटॉप, शेवटचा टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन. ते वाचून खरंच अंगावर काटा आला, आपण रोज ज्या रस्त्याने जातो तिथे ही जन्मली.

०७ च्या जागी ०८ असेल तर कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी), ०९ असेल तर फास्टबॅक (छप्पर मागे उतरत जाणारी), आणि पाचवं अक्षर के असेल तर २७१ हॉर्सपॉवरची व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरची, तसं काही निघालं तर पुढचं सगळं गणित बदलतं. विकणारा व्ही८ म्हणत असेल तर चाकाचे नट मोजा, कारखान्यातून आलेल्या व्ही८ ला पाच, सहा सिलिंडरला चार.

२. बादलीभर पाणी

ही पायरी कुणीही गाळू नका, माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. काच आणि हूड यांच्यामध्ये जाळी असते, त्याखाली काउल म्हणजे पत्र्याची बंद पेटी. पावसाचं पाणी जाळीतून त्यात पडतं आणि बाजूंनी खाली निघून जातं, पण आत हवेसाठी दोन गोल भोकं असतात आणि त्यांच्या कडा उभ्या वळवलेल्या असतात, पानं-माती साठून त्या कडा सडल्या की पाणी थेट केबिनमध्ये. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून कार्पेट उचला, एकाने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणं पडायचं, दुसऱ्याने झारीने जाळीत हळूहळू पाणी ओतायचं, आधी एका बाजूला मग दुसऱ्या. माझा मुलगा आत होता, ड्रायव्हरच्या बाजूला कोरडं, पॅसेंजरच्या बाजूला मिनिटभरात त्याच्या कपाळावर टप टप. काउल दुरुस्त करायचा तर फेंडर काढून स्पॉट वेल्ड (पत्र्यांचे ठिपक्यासारखे जोड) एकेक ड्रिल करत बसावं लागतं, ते काम सुट्या भागामुळे नाही मजुरीमुळे महाग आहे.

३. खाली झोपून बघा

ह्या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळे खालचा पत्रा गेला म्हणजे गाडीचा कणा गेला. जॅकवर विसंबून खाली जाऊ नका, स्टँड लावा. फ्लोअर, त्याखालचे फ्रेम रेल (लांब पोकळ पट्ट्या), पुढच्या चाकामागे टॉर्क बॉक्स (रेलला बाजूच्या पत्र्याशी जोडणारी पेटी), बॅटरीखालचा पत्रा, डिकीच्या कडा, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरने टोचत जायचं, आवाज टणक आला तर ठीक, आत घुसला तर लिहून ठेवा. शॉक टॉवरला (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे, पुढचं सस्पेन्शन धरणारे उभे पत्रे) तडे आहेत का बघा. आणि बाहेरून लोहचुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे रंगाखाली पुट्टी (खड्डे बुजवायचा लेप) आहे. माझ्या एका मित्राने रंगाची चमक बघून गाडी घेतली होती, मागच्या चाकावर दोन बोटं जाड पुट्टी निघाली, फार वाईट वाटलं त्याचं.

४. इंजिन

लोक सुरुवात इथून करतात, पण जाम इंजिन हे गाडी सोडायचं कारण नाही, त्याचे पार्ट्स सहज मिळतात. फक्त उत्साहात स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ ऑइल, दोन-चार दिवस थांबा, मग इंजिनाच्या पुढे क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. जुनं पेट्रोल काढून टाका, ह्या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा फ्लोअर आहे त्यामुळे डिकी उघडताच कुजका वास येतो.

५. गणित

मस्टँगचा जवळपास प्रत्येक पत्रा नवीन बनवलेला मिळतो, त्यामुळे "पार्ट मिळेल का" हा प्रश्नच नाही, प्रश्न तासांचा आहे. पूर्ण रिस्टोरेशनला हजार तास सहज जातात, तासाला १०० डॉलर धरले तरी एक लाख डॉलर, आणि साधी सहा सिलिंडर हार्डटॉप कितीही सुंदर केली तरी तेवढ्याला विकली जात नाही. म्हणजे वेल्डिंग स्वतः करणार असाल, किंवा गाडी घरचीच आहे आणि विकायचीच नाही, तरच पूर्ण उघडा.

माझा हिशोब असा: काउल, पुढचे रेल आणि टॉर्क बॉक्स तिन्ही गेले असतील आणि गाडी साधी असेल तर सोडा, कुणाला तरी पार्ट्ससाठी उपयोगी पडेल. रेल शाबूत असतील तर मधला रस्ता घ्या, रंगाला हात न लावता फक्त चालती करा. त्यात सगळ्यात आधी ब्रेक, कारण १९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) एकाच सर्किटचा होता, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन सर्किटचा बसवा, नवे होज, नवे टायर, टाकी, मग बाकीचं.

आजींच्या गाडीचे रेल टणक निघाले, मी हो म्हटलं. टायटलचं काम त्यांची मुलगी करतेय, तोपर्यंत मी एकही बोल्ट खोललेला नाही, फक्त आजोबांनी हूडवर घातलेल्या चादरी धुवून परत घातल्यात.