दीड, अडीच, साडेतीन: जर्मनीत बाळ झाल्यावर लसींचं कसं ठरवायचं

थोरलीला घेऊन स्टुटगार्टच्या दवाखान्यातून घरी आलो त्या संध्याकाळी कोल्हापूरहून आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "बीसीजी टोचली न्हवं? पोलिओचा डोस पाजला का?" दोन्ही झालं नव्हतं. आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात बाळंतपण होऊ दे नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या खाजगी दवाखान्यात, घरी सोडण्याआधी बाळाला बीसीजी, पोलिओचे दोन थेंब आणि हिपॅटायटिस बीची सुई मिळालेली असते. इथे तिन्हीतलं एकही मिळालं नव्हतं. डॉक्टर विसरले असणार, या धास्तीत मंगळवार पेठेत आई आणि इकडे मी, दोघींचाही त्या रात्री डोळा लागला नाही.

कोणी काही विसरलं नव्हतं. पुढे दुसरं बाळही झालं, आणि आता कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडून इकडे आलेल्या मुलींचे हाच प्रश्न घेऊन फोन येतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी त्या तीन लसींचं. जर्मनीत क्षयरोगाचं प्रमाण कमी आहे, त्यामुळे 1998 पासून इथे बीसीजीची शिफारसच नाही. पोलिओचे थेंबही त्याच वर्षापासून बंद झाले. त्याऐवजी पोलिओची लस इंजेक्शनमधून, सहा रोगांच्या एकत्र लसीत मिळते. हिपॅटायटिस बीची तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होते. आईला तो संसर्ग असेल किंवा तपासणीच झालेली नसेल, तरच बाळाला जन्मल्या जन्मल्या लस देतात. नाहीतर तीही त्या एकत्र लसीतच येते. म्हणजे बाळाचं काही चुकलेलं नसतं, ते इथल्या क्रमाने पुढे चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण नव्याने आलेल्यांचा खरा घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे लस द्यायची का, असं आईबापाला कोणी विचारत नाही. आशाताई घरी येऊन तारीख सांगते, आपण बाळ घेऊन जातो. इथे मुलांचे डॉक्टर माहितीचा कागद हातात देतात, समोर बसून समजावतात, काही विचारायचं आहे का म्हणतात आणि तुमच्या होकारासाठी थांबतात. गोवर सोडला तर सक्ती कशाचीच नाही. हे बघून आपली माणसं बिचकतात. "विचारतायत म्हणजे काहीतरी धोका असणार, नको, थांबू या" असं म्हणत दोन महिने घालवलेली जोडपी मी पाहिली आहेत. विचारणं ही इथली पद्धत आहे, कायद्याने आईबापाची संमती घ्यावीच लागते. त्यात डॉक्टरांच्या मनात शंका आहे असा अर्थ अजिबात नसतो. लसींच्या शिफारशी ठरवणारी इथली तज्ज्ञांची समिती, श्टिको, ज्या लसी सुचवते त्यांचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. मनात शंका असेल तर त्या खुर्चीत बसून विचारा. भाषा अडत असेल तर प्रश्न आधी कागदावर लिहून न्या. मी तसंच करत असे, आणि एकाही डॉक्टरने कधी घाई केली नाही.

आता ठरवायचं कसं? माझं स्पष्ट मत आहे, बाळ जिथे वाढणार तिथलं वेळापत्रक धरा. दोन देशांची वेळापत्रकं एकावर एक चढवू नका. आईच्या डोक्यात दीड, अडीच, साडेतीन महिने हे गणित पक्कं बसलेलं असतं, कारण भारतात 6, 10 आणि 14 आठवड्यांना डोस असतात. इथे सहा रोगांची लस, म्हणजे घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) आणि हिपॅटायटिस बी यांची, 2, 4 आणि 11 महिन्यांना देतात. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लसही त्याच वेळी. जुलाबाच्या रोटाव्हायरसचे थेंब मात्र 6 आठवड्यांपासून सुरू होतात आणि 12 आठवड्यांच्या आत पहिला डोस व्हावा लागतो, ती तारीख सरू देऊ नका. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांची लस 11 आणि 15 महिन्यांना. 2024 पासून मेंदूज्वराची मेनिंगोकोकल बी लसही यादीत आली आहे. तिच्याने ताप बऱ्यापैकी येतो, म्हणून तिच्यासोबत पॅरासिटामॉल द्यायला डॉक्टर स्वतःच सांगतात. थंडीत बाळांना गाठणाऱ्या आरएसव्ही विषाणूसाठीही 2024 पासून एक इंजेक्शन सुचवतात. त्यात तयार प्रतिपिंडं असतात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाला ते लगेच देतात, उन्हाळ्यातल्या बाळाला थंडी सुरू होण्याआधी.

दीड महिना उलटला तरी सुई नाही म्हणून घरून विचारणा होणारच. बाळ जन्मायच्या आधीच आई-सासूबाईंना हे अंतर समजावून ठेवा. बाळंतपणात, झोप नसताना, फोनवर समजावणं फार जड जातं. आणखी एक प्रश्न येईल, "ताप आला न्हाई, मग लस लागू कशी पडली?" आपल्याकडे सरकारी दवाखान्यातल्या लसीने ताप येतो आणि पाय सुजतो, कारण तिच्यातला डांग्या खोकल्याचा भाग पूर्ण पेशींचा असतो. इथली लस वेगळ्या जातीची आहे, तिकडे खाजगी दवाखान्यात 'पेनलेस' म्हणतात तसली. ताप न येणं म्हणजे लस वाया गेली असं नव्हे.

बाळ घेऊन कोल्हापूरला जायचं म्हटलं की हिशोब थोडा बदलतो. अंबाबाईचं दर्शन, जोतिबाला गुलाल, गावाकडे बारसं, हे सगळं पहिल्या वर्षातच व्हावं असं घरच्यांना वाटतं आणि ते साहजिक आहे. शक्य असेल तर 2 आणि 4 महिन्यांचे डोस आणि रोटाव्हायरसचे थेंब इथेच पूर्ण करून निघा. रोटाव्हायरसच्या लसी निरनिराळ्या बनावटीच्या असतात, अर्धे डोस इथे आणि अर्धे तिथे केले की गोंधळ होतो. 9 महिन्यांनंतर जाणार असाल तर निघायच्या निदान दोन आठवडे आधी गोवराची लस मागून घ्या, मग दुसरा डोस वर्ष झाल्यावर लगेच घेतात. 6 ते 8 महिन्यांच्या बाळालाही अपवाद म्हणून ती देता येते, पण तो डोस मोजत नाहीत, पुढे दोन घ्यावेच लागतात. टायफॉईडची जी लस भारतात 6 महिन्यांपासून देतात ती इथे मिळत नाही, तेव्हा लांब मुक्काम असेल तर तिथल्या मुलांच्या डॉक्टरांशी बोला. मुक्काम कितीही असो, बाळाचं पाणी उकळूनच. बाळगुटीबरोबर मधाचं बोट चाटवायला मात्र कोणी आलं तर ठाम नाही म्हणा. वर्षाच्या आत मध नको, हे दोन्हीकडचे डॉक्टर सांगतात.

बीसीजीचं काय? इथे उत्तर एकच नाही. ही लस लहान बाळांना मेंदूच्या क्षयापासून आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते, म्हणूनच भारतात ती जन्मतःच देतात. थोरलीला घेऊन मी चार महिने माहेरी राहणार होते, घर माणसांनी भरलेलं, रोज कोणीतरी उचलून घेणार. तेव्हा तिला तिथे बीसीजी दिली. धाकट्याच्या वेळी तीनच आठवड्यांची सुट्टी होती, इथल्या डॉक्टरांशी बोलून दिली नाही. दोन्ही निर्णय मला आजही बरोबर वाटतात.

द्यायची ठरवलीत तर भारतात एक वर्षापर्यंत देतात. लस जिवंत जंतूंची आहे, म्हणून बाळाच्या प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष नाही ना याची खात्री हवी. 2019 पासून इथल्या नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ततपासणीत तो दोष बघतात, निकाल ठीक आहे ना हे डॉक्टरांना आधी विचारा. गोवराची लस आणि बीसीजी एकाच दिवशी द्यावी, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावेत. बीसीजीची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे बरेच दवाखाने तिचा वार ठरवून देतात. फोन करून वार विचारून जा, नाहीतर उन्हात हेलपाटा पडतो. काही आठवड्यांनी दंडावर गाठ येते, फुटते, व्रण राहतो. हळद, मलम काही लावू नका, दाबू नका. तोवर इकडे परतला असाल तर इथल्या डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांनी असा दंड क्वचितच पाहिलेला असतो.

पल्स पोलिओचा रविवार तुमच्या मुक्कामात आला तर अंगणवाडीताई दारात येईल. भारतात मूळच्या (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, आणि तो रोग हटला तो या दारोदार फिरणाऱ्या बायांमुळे. तिला हाकलून देऊ नका. निरोगी बाळाला इथली इंजेक्शनं झालेली असली तरी वरून थेंब चालतात. फक्त तेही लिहून घ्या.

लिहून घेण्याबद्दल कळकळीने सांगते. इथे नियम आहे की ज्या लसीची नोंद आहे तीच झाली असं धरायचं. थोरलीच्या एका लसीच्या वेळी कोल्हापुरातल्या एका दवाखान्याने कार्डावर नुसती बरोबरची खूण केली. तारीख नाही, नाव नाही. इथे आल्यावर डॉक्टरांनी ती मोजली नाही आणि लेकराला परत टोचून घ्यावं लागलं. तेव्हापासून इथली पिवळी लस-पुस्तिका, इम्फपास, सोबत नेते आणि तिथल्या डॉक्टरांकडून तिच्यावरच तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, सही आणि शिक्का घेते. लक्षात ठेवा, बाळाच्या तपासण्यांची वहीही पिवळीच असते, घाईत चुकीची उचलली जाते. पाळणाघरात घालताना ही पुस्तिका लागतेच. 1 मार्च 2020 पासूनच्या कायद्याने वर्षाच्या बाळाला गोवराचा एक आणि दोन वर्षांच्या मुलाला दोन डोस झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेश नाही.

बाळंतपण माहेरी करून बाळाला तीन-चार महिन्यांनी आणणार असाल, तर उलट करा. भारताचं वेळापत्रक धरून साडेतीन महिन्यांचा डोस उरका, माता व बाल संरक्षण कार्ड पूर्ण भरून घ्या, आणि इथे आल्या आल्या मुलांच्या डॉक्टरांची वेळ मिळवा. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून नवऱ्याने इथे आधीच नाव नोंदवून ठेवावं.

आणि आई-बाबा बाळंतपणाला इकडे येणार असतील तर त्यांना विमानात बसण्याच्या महिनाभर आधी कोल्हापुरातच डांग्या खोकल्याचा बूस्टर घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः तो सातव्या महिन्याच्या सुमारास घ्या. दोन महिन्यांपर्यंत बाळाला त्याची लस नसते, आणि तोवर ते आजीच्याच मांडीवर असतं.