एकाच खोलीत रेकॉर्डिंग करताय? आधी एवढं उरकून घ्या

वेगळी कंट्रोल रूम नाही म्हणजे मधे काच नाही, भिंत नाही आणि ड्रम वाजतायत त्याच खोलीत तुम्ही हेडफोन घालून लॅपटॉपसमोर बसलेले. तर पहिलं हे डोक्यात पक्कं करा की वाजत असताना जे ऐकू येतं त्यावरून साउंड ठरवायचाच नाही, कारण अर्धा आवाज हेडफोनमधून येतोय, अर्धा थेट खोलीतून, आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेसचा खालचा भाग तर हेडफोन कितीही घट्ट असला तरी आत घुसतोच. म्हणून माईक लावला की 30 सेकंद रेकॉर्ड करा, सगळ्यांना थांबवा, शांततेत ऐका, माईक चार बोटं सरकवा, परत 30 सेकंद. वादक वैतागतात, वैतागू देत. टेस्ट डिलीट करू नका, "किक आत", "किक बाहेर" अशी नावं देऊन ठेवा, पाठोपाठ ऐकल्याशिवाय फरक कळत नाही. या सगळ्याला वेळ जातो, तो आधीच धरून चला.

हेडफोन सगळ्यांना क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद, ज्यातून आवाज कमी गळतो; मागून उघडे ओपन-बॅक मिक्सिंगसाठी ठेवून द्या. तुमच्यासाठी मात्र अजून एक उपाय आहे, कानात घट्ट बसणारे इयरफोन आणि वरून मशीनवर काम करणारे घालतात तसले इयरमफ, दिसायला विचित्र पण ड्रमच्या शेजारी बसायचं तर याला तोड नाही. क्लिक, म्हणजे हेडफोनमधली तालाची टिकटिक, गरजेपुरतीच मोठी ठेवा, आणि गाण्याचा शेवटचा सूर जिथे लांबतो तिथे ती आधीच बंद होईल असं सेट करा, नाहीतर त्या शांततेत टिक टिक ऐकू येणार आणि ती नंतर काढता येत नाही. स्पीकर? रेकॉर्डला हात लावण्याआधी म्यूट, दरवेळी. उघडा माईक आणि चालू स्पीकर म्हणजे शिट्टी ठरलेली.

आता लॅपटॉपचा पंखा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या माईकला पाठीमागून, म्हणजे 180 अंशांवर, सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळे लॅपटॉप आणि तुम्ही दोघंही माईकच्या पाठीमागे. सुपरकार्डिऑइड (समोरचा अजून अरुंद भाग ऐकणारा) असेल तर इथेच लोक फसतात, त्याची बहिरी जागा बरोबर मागे नसते, साधारण 125 अंशांवर दोन्ही बाजूंना असते, आणि फिगर-8 ची (समोरून आणि मागून ऐकणाऱ्या माईकची) 90 अंशांवर, थेट कुशीत. गाणारा आणि गिटारवाला एकत्रच घ्यायचे असतील तर फिगर-8 सारखा माईक नाही, नीट फिरवलात तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये खूपच कमी जातो. प्लगइन (सॉफ्टवेअरमधले इफेक्ट) बंद ठेवा, म्हणजे प्रोसेसर तापत नाही आणि पंखाही गप्प बसतो, शिवाय बफर (कंप्युटर एका वेळी किती सॅम्पल घेतो ते सेटिंग) 64 किंवा 128 वर आणता येतो. इंटरफेसवर (माईक लॅपटॉपला जोडायच्या डब्यावर) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे कंप्युटरमधून न जाता थेट ऐकायची सोय, असेल तर तेच वापरा, मग लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याची, कटकटच नाही.

लेव्हल 24 बिटवर, पीक (सगळ्यात मोठा आवाज) -12 dB च्या आसपास. लोक टेस्टला हात राखून वाजवतात आणि खऱ्या टेकला (रेकॉर्डिंगच्या फेरीला) जोर काढतात हे गृहीत धरा, कारण टेक चालू असताना गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) कमी करायला गेलात तर तो बदल रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो, वर तुमची खुर्चीही करकरते. खुर्ची आधी तपासा हो, खरंच. फोन एअरप्लेन मोडवर, सायलेंटवर नाही.

बेस आणि इलेक्ट्रिक गिटार शक्य असेल तर डीआयनेच, म्हणजे अँप-माईकशिवाय थेट वायरने, घ्या, अँप नंतर वाजवून रेकॉर्ड करता येतो आणि खोलीतला एक गोंगाट कमी होतो.

हाताच्या खुणा ठरवून घ्या: सुरू, परत, थांब. टॉकबॅक (वादकांच्या हेडफोनमध्ये बोलायचा माईक) लागत नाही, पण टेक चालू असताना "मस्त!" असं ओरडायची सवय असेल तर ती सोडा. एकटेच वाजवणार असाल तर दोन बारचा काउंट-इन (सुरू होण्याआधीची ताल-मोजणी) आणि पायाने दाबायचा स्विच किंवा वायरलेस कीबोर्ड हाताशी, आणि स्पेसबार जोरात दाबू नका. गाणं संपल्यावर झांजेचा आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, हे वादकांना सुरुवातीलाच सांगा, आणि तुम्हीही माऊसला हात लावू नका.